सैल जोड

निंभोऱ्यापासून ऐनपूरपर्यंत
ठिबकच्या नळ्या फुटल्या की मला बोलावतात.
खिशात जॉइनर, खांद्यावर पंचा,
सायकलच्या हँडलला नळीचं वेटोळं.
बावीस उन्हाळे झाले.

चावा बघून सांगतो मी, कोण येऊन गेलं.
उंदीर कुरतडतो आडवातिडवा,
रात्रीचा, कारण नसताना.
सुतारपक्षी एकच भोक पाडतो,
गोल, कचेरीतल्या शिक्क्यासारखं.
खार मात्र
दोन बारीक रेघा ओढते शेजारी शेजारी,
आणि नेमक्या तिथंच
जिथं आत पाणी थांबलेलं असतं.
कान लावते की काय, कोण जाणे.

मे महिना. शेचाळीस.
इंदूताई फेगड्यांच्या केळीत
सकाळपासून एकोणीस ठिकाणी नळी फुटलेली.
अठरा जोड बसवून झाले
तेव्हा ताई बांधावर आल्या. हातात पुडी.
"शेंगदाण्याले लावजो भागवतभाऊ,
किती दिवस नुस्त्या नळ्याच जोडू?"

चूक त्यांची नव्हती.
एक नळी फुटली की पुढची चाळीस खोडं तहानलेली,
आणि घड काट्यावर चढला की
कोणी विचारत नाही, खार होती की काय होतं.
पुडी मी खिशात घातली.

दुपारी निंबाखाली भाकरी सोडली.
ती आली.
खोडावरून उलटी, डोकं खाली,
थांबत, शेपटी झटकत, थांबत.
लहानपणी ऐकलेलं, रामानं पाठीवरून बोटं फिरवली, तीन.
मी मोजली. पाच.
आमच्याकडे पाचच असतात.
इथल्या उन्हात त्याला
दुसऱ्यांदा हात फिरवावा लागला असेल.

नुकत्याच बुजवलेल्या गळतीपाशी, ओल्या मातीवर
ती पोट टेकून पसरली,
चारी पाय चार दिशांना,
दोरीवरून उडून पडलेली चिंधी जशी.
मेली वाटलं.
घास हातातच राहिला.
मग कुशीत श्वास दिसला, भराभर.
उठली तेव्हा पोटाखालचे केस झिजलेले दिसले.
पाजणारी होती.

वर दुबेळक्यात घरटं:
केळीचं सोपट, सरकीचा कापूस,
घडावरच्या पिशवीच्या पांढऱ्या फाटक्या पट्ट्या,
आणि एक निळा काठ,
माझ्याच पंचाचा, गेल्या साली हरवलेल्या.

तेवढ्यात शिक्रा गेला शेतावरून.
तिची चिक्-चिक् सुरू झाली, न थांबता,
तसे सातभाई गप्प, होले गप्प,
कोंबडीनं पिलं पंखाखाली ओढली.
एवढ्या शिवाराची राखण, बिनपगारी.
खारीचा वाटा, खारीचा वाटा म्हणतो आपण;
तो तिला कधी कोणी मोजून दिला?

एकोणिसावा जोड, बांधाकडचा,
मी अर्धाच दाबला.
खाली एक फुटकं कौल ठेवलं, उताणं.
थेंब.
बऱ्याच वेळानं, थेंब.

पुडी दुकानदाराला परत केली.
तो पैसे देईना. मीही मागितले नाहीत;
ताईंच्या हिशेबात दोन जोड कमी लावले.

नळ्या अजून फुटतात, खोटं कशाला बोलू.
पण एकोणीस नाही. चार. कधी दोन.
बायको म्हणते, आपल्याच पोटावर पाय दिला तुम्ही.

पंधरा दिवसांनी ताईंनी हाक मारली.
"भाऊ, तो कोपऱ्यातला जोड गयते.
हात म्हातारा झाला काय तुमचा?"
"हो," म्हणालो.

त्यांनी कौलाकडे बघितलं.
काठावर ओल्या पंजांचे ठसे होते,
बघता बघता वाळणारे.
ऊन तिथवर सरकत आलेलं.
ताईंनी पायाच्या अंगठ्यानं कौल
वीतभर सावलीत ढकललं
आणि घड बघायला निघून गेल्या.

मग थेंब कौलाबाहेर पडू लागला.
मी नळी तेवढी वळवून दिली.